शहाऐंशीव्या मजल्यावरचं पाणी

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटली आहे. सकाळी दार उघडलं की नाल्यापर्यंतचं सगळं रान पांढरं दिसतं, आणि रस्त्यानं जाणारा कोणीही थांबून म्हणतो, "यंदा झकास हाये बापा तुमचं." मी नुसती मान हलवतो. लांबून दिसणाऱ्या पांढऱ्यावर माझा विश्वास नाही. जवळ जाऊन बोंड हातात घ्यावं तर त्यातलं निम्मं घट्ट, डागाळलेलं निघतं. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. पोटाशी कापडाच्या ओट्या बांधून बायका ओळीत शिरतात, त्यांच्या बोटांना जे कळतं ते रस्त्यावरून कळत नाही. पहिल्या वेचणीच्या दिवशी शोभा, माझी बायको, सीतादही करते. झाडाच्या बुडाशी दहीभात ठेवून हात जोडते. मी तिच्या शेजारी उभा राहून हात जोडतो खरा, पण डोळे शेजाऱ्यानं बांध कुठवर कोरला याच्यावर असतात.

हा स्वभाव मला नोकरीनं दिला. मी भूकरमापक होतो, म्हणजे जमीन मोजणारा. राळेगाव, नेर, आर्णीकडची कितीतरी वावरं मी पायांनी ओळखतो. मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक बांधावर हजर असतात आणि दोघंही खरं बोलतात. आपापलं खरं. एक म्हणतो, दगड इथंच होता, माझ्या बापानं दाखवला होता. दुसरा म्हणतो, तो दगड यानं मागच्या पावसाळ्यात सरकवला. अशात वर्षं काढली की माणूस आधी दगडाखालची माती बघतो, ताजी आहे की जुनी, आणि मग बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

माझा एक नियम होता. मोजणी चालू असताना दोन्हींपैकी कोणाच्याही घरचं पाणी प्यायचं नाही. एप्रिलच्या उन्हात साखळी ओढताना जीभ टाळूला चिकटायची, समोर माठातलं पाणी घेऊन कोणी उभं असायचं, पण नाही. एकाचं पाणी घेतलं की दुसरा म्हणणार, साहेब फिरले. म्हणून माझी बाटली माझ्याजवळ. पल्लवी, माझी मुलगी, लहान होती तेव्हा मी घरी आल्या आल्या तांब्या घेऊन दारात उभी असायची. आमचे बाबा कोणाचंच पाणी पीत नाहीत, हे ती शाळेत अभिमानानं सांगायची.

हे सगळं आत्ताच काहून आठवावं? वेचणी लागली की आठवतं. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा वेचणी चुकवली. तेव्हा मी न्यूयॉर्कमध्ये होतो, एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या शहाऐंशीव्या मजल्यावर, आणि माझा घसा कोरडा पडला होता.

तिथं जाण्याचं कारण आधी सांगितलं पाहिजे. पल्लवीनं पुण्यात नोकरीला असताना सुमेधशी लग्न केलं, कचेरीत सह्या करून. सुमेध उमरखेडचा, बौद्ध घरातला. त्याच्या पणजोबांच्या वेळेपासून ते लोक बौद्ध. आम्ही शेतीवाले, गावात पाटलांच्या रांगेत बसणारे. आमच्या घरात असं लग्न झालं नव्हतं. मी विरोध केला नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. फक्त लग्नाला गेलो नाही. ताप आला होता. ताप खरंच होता, थर्मामीटर लावून पाहिलं होतं, पण शंभरच्या आतला होता. पुढे ते दोघं अमेरिकेत गेले. दोन वर्षं पल्लवी बोलवत राहिली आणि मी वेचणी, तूर, गुडघे अशी कारणं देत राहिलो. शेवटी ती फोनवर म्हणाली, "बाबा, आता नाही आले त मी पुन्हा बोलावणार नाही." आवाज चढवला नाही तिनं. त्यामुळेच मी घाबरलो.

गुडघे शोभाचे खरे दुखतात, म्हणून ती राहिली आणि वेचणीवर तिनं नजर ठेवायची असं ठरलं. मी एकटा निघालो. विमानात बसल्यावर मी स्वतःलाच सांगितलं की आपण मोजणीला चाललो आहोत. मुलगी सुखात आहे का, माणूस कसा आहे, काय लपवतात, काय दाखवतात, सगळं बघून यायचं. आणि मोजणी म्हटल्यावर माझी तांब्याची बाटली पिशवीत होतीच.

दारातच सुमेध ताटलीत पाण्याचा ग्लास घेऊन आला. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, तसं. मी म्हणालो, "राहू द्या, माझ्याजवळ हाये." आणि बाटली उचलून दाखवली. त्यानं ग्लास आत नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चहा केला, मी सांगितलं की चहा सोडला. तरी रोज सकाळी तो एकदा विचारायचाच. चहा मी आजही दिवसातून तीनदा घेतो. स्वयंपाक पल्लवी करायची, तो मी जेवत होतो. पण त्याच्या हातचं काही आठ दिवसांत माझ्या तोंडात गेलं नाही. याला मी तेव्हा नियम म्हणत होतो.

आठ दिवस मी सगळं तपासत होतो. तो जेवणानंतर भांडी घासायचा. हे रोजचं की मी आलो म्हणून? मी ओट्याजवळ उभा राहून बघितलं. सवय नसली की ताट हातातून निसटतं. त्याच्या हातून निसटलं नाही. पल्लवी हसताना आधी त्याच्याकडे बघायची का? बघायची, पण तोही तिच्याकडे बघायचा. फ्रीजवर कामांच्या वाटणीचा कागद चिकटवला होता, मी त्यावरची शाई नवी आहे का तेही पाहिलं. खोट सापडत नव्हती, आणि खोट सापडत नाही याचाच मला जास्त संशय येत होता. ज्या वावरात तक्रार निघत नाही तिथं दोघांनी मिळून तिसऱ्याची जमीन दाबलेली असते.

नवव्या दिवशी, रविवारी, ते मला इमारत दाखवायला घेऊन गेले. पल्लवी लहान असताना तिच्या पुस्तकात या इमारतीचं चित्र होतं, जगातल्या उंच इमारती म्हणून. आता तिच्याहून उंच पुष्कळ झाल्या, पण मान तिचाच. वर्ष-सव्वा वर्षात ती उभी केली असं तिथं भिंतीवर चित्रांसकट सांगितलं आहे. लोखंडाच्या तुळयांवर बसून डबा खाणारे कामगार आहेत, नकाशे आहेत, जुनी यंत्रं आहेत. एकशे दोन मजले आणि सव्वा वर्ष. आमच्या नाल्यावरचा पूल माझी नोकरी संपेपर्यंत अर्धाच होता, त्यामुळे मला हे पचेना. मी सुमेधला विचारलं, "कामगारायची नावं कुठं लिवली हायेत काय?" तो म्हणाला, "काही काहीची हायेत, मामाजी. सगळ्यायची नाही." हे उत्तर मला पटलं आणि त्यानं ते इतकं सरळ दिलं याचा थोडा रागही आला.

आत जाताना विमानतळासारखी तपासणी होते. तिची मला गंमत वाटली, कारण तिथं मी संशयित होतो. मग एका हिरव्या पडद्यासमोर उभं करून फोटो काढतात, आणि त्या पडद्याच्या जागी पुढे इमारत घालतात म्हणे. खरी इमारत डोक्यावर उभी असताना खोट्या इमारतीसमोर फोटो. मी त्यात चेहरा हलवला, मुद्दाम. खालच्या दालनात मात्र मी गप्प झालो. संगमरवर आणि त्यावर चमकत्या धातूत कोरलेली तीच इमारत, तिच्यातून किरणं निघालेली. एखाद्या देवळात गाभाऱ्यात असते तशी शांतता नव्हती तिथं, माणसं बोलत होती, पण सगळे वर बघत बोलत होते.

लिफ्ट निघाली आणि आकडे एक-एक करून चढायच्या ऐवजी उड्या मारायला लागले. मधले मजले कुठं गेले? दार उघडलं, आम्ही दुसऱ्या लिफ्टमध्ये शिरलो, आणि कानात दडे बसले. पल्लवी म्हणाली, "गिळा बाबा, आवंढा गिळा." गिळायला तोंडात ओल नव्हती. तेव्हा लक्षात आलं की माझी बाटली घरी ओट्यावरच राहिली.

शहाऐंशीवा मजला उघडा आहे. चारी बाजूंनी सज्जा, उंच लोखंडी गजांचं कुंपण, गज वर आत वळलेले. हजार फुटांच्या वरचा वारा. तो वारा आपल्या रानातल्यासारखा कशाला अडून, वास घेऊन येत नाही. त्याला कशाचाच वास नव्हता. देशोदेशीची माणसं गजांना तोंडं लावून उभी होती. खाली शहर होतं, आणि ते शहर मी आजपर्यंत काढलेल्या कोणत्याही नकाशापेक्षा सरळ होतं. रस्ते पट्टीनं ओढलेले. एकही बांध वाकडा नाही. दोन्ही बाजूंना नदी, उत्तरेला झाडांचा एक लांब आयत, त्याच्याही कडा सरळ. पल्लवी म्हणाली, "कसं वाटते?" मी म्हणालो, "इतक्या सरळ रेघा कोणालेच न इचारता मारल्या असतीन." ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, सुट्टी घ्या न कधी."

मी सावली शोधली. झाडाची उंची आम्ही सावलीवरून काढायचो, काठी रोवून. उन्हं कलली होती आणि इमारतीची सावली ईशान्येकडे पडली होती, छपरांवरून, गच्च्यांवरून, रस्ते ओलांडून. मी घरांच्या रांगा मोजायला लागलो. सावलीचं टोक कुठं संपतं ते नीट दिसेना. टोक दिसलं नाही तर उंची निघत नाही. मी मान ताणून बघत राहिलो आणि पाय थोडे हलले. सुमेधनं कोपराला धरलं, लगेच सोडलं. मग त्यानं पाठीवरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि पुढे केली.

"घ्या मामाजी, घसा कोरडा पडला असंन."

"नको. तहान नाही मले."

माझे ओठ फाटलेले होते. त्याला दिसत होते, पल्लवीला दिसत होते. त्यानं झाकण लावलं, पण बाटली पिशवीत ठेवली नाही. हातातच धरून तो नदीकडे बघत म्हणाला, "पल्लवीनं सांगतलं मले, तुमचा नियम हाये म्हणून. मोजणीचा. पहिल्या दिवशीच सांगतलं. मी मानलं."

मी गजांना दोन्ही हातांनी धरलं.

"आमच्या आजोबाच्या वावरात एकदा मोजणी झाल्ती," तो म्हणाला. "मी लहान होतो. आजी पाणी घेऊन गेली. साहेब म्हणे, मी मोजणीच्या दिवशी कोनाचंच घेत नाही. आजोबाले लय आवडलं. म्हणे, मानूस नियमाचा हाये. संध्याकाळी आजी दळण आणाले गेली त साहेब पाटलाच्या ओसरीवर चहा पेत बसलेला."

"मोजणी झाल्यावर घेतला असंन," मी लगेच म्हणालो. "झाल्यावर चालते."

"हो न. आजोबा बी हेच म्हणाले. आजी म्हणे, मंग झाल्यावर आपल्या इथं काहून नाही आला?"

"तो मी नव्हतो. मी उमरखेडकडे कधी मोजलंच नाही."

"मले माहीत हाये मामाजी. तुम्ही नव्हते." हे तो रागानं बोलला असता तर मला बरं पडलं असतं.

पल्लवी मधे उभी होती. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते, ती ते बाजूला करत नव्हती. ती म्हणाली, "बाबा, मोजणी झाल्यावर तुम्ही कोनाच्या घरी चहा घेत होते?"

"ज्याचं घर जवळ असंन त्याच्या."

"वस्तीतलं घर कधीच जवळ नव्हतं काय?"

"एसटी राहायची," मी म्हणालो. "एसटी चुकायची."

तिनं मान हलवली. मी लोकांचं ऐकून घेताना जशी हलवतो तशीच.

एक दुपार मला तिथं, त्या गजांना धरून, पुरी आठवली. नेरकडचं एक गाव. बौद्ध वस्तीतल्या एका म्हाताऱ्याची जमीन मोजली होती, दगड त्याच्या बाजूनं निघाला होता. सह्या झाल्या. त्याच्या सुनेनं दारात सतरंजी टाकली होती, कप धुऊन उपडे ठेवले होते, चुलीवर आधण होतं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, एसटी चुकेल. म्हातारा म्हणाला, बरं साहेब. मी फाट्यावर येऊन उभा राहिलो तेव्हा एसटीला पाऊण तास होता. तो पाऊण तास मी बाभळीखाली उभा होतो आणि मला एकदाही वाटलं नाही की आपण काही चुकीचं केलं. मी त्याला न्याय दिला होता, चोख, इंचाइंचाचा. त्याचा चहा तेवढा घेतला नव्हता. हे मी पल्लवीला सांगितलं नाही. तीन वर्षं शोभालाही सांगितलं नाही.

मी सुमेधला म्हणालो, "द्या, पाणी द्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तहान लागली असंन त देतो, मामाजी. पल्लवीले दाखवाले नको."

मला तहान लागली होती. इतकी की डोळ्यांपुढे ठिपके येत होते. पण त्या घडीला मी हात पुढे केला असता तर कशासाठी केला असता, हे मला सांगता येईना. मी हात पुढे केला नाही. त्यानं बाटली पिशवीत ठेवली.

एकशे दोनाव्या मजल्याचं तिकीट काढलेलं होतं, म्हणून आम्ही तिथंही गेलो. ती जागा लहान, गोल, काचेनं बंद. वारा नाही, आवाज नाही. तिथून पार क्षितिजापर्यंत दिसतं म्हणतात. मी काचेसमोर उभा राहिलो आणि मला काचेत आम्ही तिघं दिसलो. खाली आल्यावर कोपऱ्यावरच्या नळातून मी पाणी प्यालो, ओंजळीनं, बराच वेळ.

उरलेले दिवस सुमेध तसाच वागला, नीट, अदबीनं. फक्त सकाळचा चहा त्यानं मला पुन्हा विचारला नाही. विमानतळावर त्यानं माझी पेटी उचलली. पल्लवी मला थोडं बाजूला घेऊन म्हणाली, "इतके दिवस तुमच्या वतीनं मी बोलत होती, बाबा. आता नाही बोलणार. मी गावाले येईन त यालेच घेऊन येईन. पण पहिले तुम्ही उमरखेडले त्याच्या आई-बाबाले भेटून या. नाही गेले त मी समजून घेईन." समजून घेईन म्हणाली. माझ्याच तालमीत वाढलेली पोर, तिला माहीत होतं की मला कुठं धरावं.

त्यानंतर दोन वेचण्या झाल्या. मी गेलो नाही. पहिल्या वर्षी शोभाचा गुडघा, दुसऱ्या वर्षी अवकाळीनं भिजलेला कापूस. दोन्ही कारणं खरी होती. आता मला माझ्या खऱ्या कारणांचाच जास्त संशय येतो. खोटं कारण निदान लाजतं. फोनवर पल्लवी पाऊस विचारायची, आईचं औषध विचारायची, उमरखेडचं कधी विचारलं नाही. शोभा एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "पोरगी तिकडंच म्हातारी होऊन जाईन, अन् तुम्ही बांधच पाहत बसान."

यंदा पहिली वेचणी झाली आणि परवा आम्ही निघालो. राळेगावहून यवतमाळ, यवतमाळहून उमरखेड, दोन एसट्या. शोभानं ऊन लागू नये म्हणून कानाला पदर गुंडाळला होता. वाटेत दोन्ही बाजूंना पांढरं रान होतं आणि त्या दिवशी मी त्यात कवडी किती असेल याचा अंदाज केला नाही. घाबरलो होतो.

घर साधं, स्वच्छ. व्याही निवृत्त शिक्षक, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे. भिंतीवर सुमेध-पल्लवीच्या लग्नाचा फोटो होता. त्यात आम्ही नव्हतो. विहीणबाईंनी शोभाचा हात धरून तिला आत नेलं, बसवलं, गुडघ्याची चौकशी केली. पावसाचं बोलणं झालं, कापसाचं झालं, एसटीच्या गर्दीचं झालं. पाणी आलं नाही. आमच्या मुलखात पाहुणा टेकायच्या आत पाणी येतं, आणि इथं पंधरा मिनिटं झाली तरी आलं नव्हतं. शोभानं माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. त्यांना मुलानं सांगितलं असणार की मामाजी पाणी घेत नाहीत, आणि आपल्या घरात पुढे केलेला ग्लास परत न्यायची वेळ त्यांना येऊ द्यायची नव्हती.

मी म्हणालो, "इहीनबाई, पाणी मिळंन काय?"

त्या थांबल्या. "तुम्ही घेता?" असं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं.

"घेतो."

त्यांनी स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं आणि समोर उभ्या राहिल्या. मोजणीला जमलेली माणसं साखळीकडे बघतात तशा बघत होत्या. मी प्यालो, सगळं. ग्लास रिकामा केला आणि अजून मागितलं. त्या म्हणाल्या, "आता कायले? एक पेले न. बसा निवांत, जेवूनच जा." ते आग्रहानं होतं की मला ओळखून होतं, ते मला त्यांच्या तोंडावरून वाचता आलं नाही.

जेवणं झाली, आणि संध्याकाळ झाल्यावर व्याह्यांनी तिकडे फोन लावला. आवाज मोठा करून तो मधे टिपॉयवर ठेवला. तिकडे सकाळ झाली होती. आम्ही तिथं आहोत हे व्याह्यांनी पल्लवीला सांगितलं. विहीणबाई फोनकडे वाकून म्हणाल्या, "तुह्या बाबानं पाणी पेलं वो."

मग माझ्या मुलीनं तिच्या सासूला विचारलं, "तुम्ही देल्लं म्हणून पेले, का मागून पेले?"

मी मान खाली घातली. माझी मुलगी, माझाच प्रश्न. विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांनी उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की शोभानं पदर तोंडाला लावला.

"मागून पेले," त्या म्हणाल्या.

मग पल्लवीनं विचारलं, यंदा वेचणी कधीपर्यंत चालंन.